दुसऱ्या कुणाच्या खुणा

आपल्याआधी येथे दुसरा कुणी इंजिनिअर येऊन गेला आहे हे देवव्रत सबनीसच्या ध्यानात आले, तेव्हा त्याने पिशवीतून हातोडीही बाहेर काढली नव्हती. बोरिवलीच्या वनमाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, खाडीच्या बाजूच्या कोपऱ्यातील कॉलमवर, छातीच्या उंचीला पांढऱ्या खडूचे एक वर्तुळ होते. त्याच्या खाली दुसरे, जरा मोठे. आणि शेजारच्या कॉलमवर आणखी काही. जुन्या इमारतीची तपासणी करणारा माणूस लहान हातोडीने कॉलम आणि तुळया वाजवत जातो, आणि जेथे आवाज बद्द येतो, म्हणजे आतली सळई गंजून फुगली आहे आणि वरचे काँक्रीट तिच्यापासून सुटले आहे असे कानाला कळते, तेथे तो खडूने वर्तुळ काढतो. यंत्रे मागाहून येतात. ती कोठे लावायची हे हातोडी सांगते. तेव्हा वर्तुळांचा अर्थ लागायला देवव्रतला क्षणही पुरेसा होता. लागत नव्हता तो त्यांच्या तेथे असण्याचा अर्थ. प्रथम त्याला राग आला नाही. आली ती एक प्रकारची हुशारी. गेल्या कित्येक महिन्यांत कोणत्याही इमारतीने, कोणत्याही माणसाने, सकाळच्या चहाने किंवा संध्याकाळच्या आंघोळीने त्याला इतकी जाग आणली नव्हती. कुणीतरी आपल्या विरुद्ध उभे आहे, आणि त्याने आपले म्हणणे भिंतीवर लिहून ठेवले आहे, एवढ्याने त्याच्या मनगटात बळ आले.

“निलेश, मला आधी सांगायला हवं होतं,” तो सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणाला.

“काय सर?”

“दुसऱ्या कुणाला बोलावलंत ते. माझी हरकत नाही. पण सांगायची एक रीत असते.”

निलेश परब अर्ध्या दिवसाची रजा टाकून खाली उतरला होता. त्याने कॉलमकडे पाहिले, मग देवव्रतकडे पाहिले, आणि काही बोलण्यासाठी तोंड उघडले. पण देवव्रतने हात वर केला. त्याला स्पष्टीकरण नको होते, वाद हवा होता, आणि तो वाद निलेशशी नव्हता. त्याने हातोडी काढली आणि पहिल्या वर्तुळाच्या मधोमध वाजवली. आवाज स्वच्छ आला. पुन्हा वाजवली.

“ऐका. हा काय बद्द आवाज आहे?”

“मला नाय कळत सर. मला सगळं सेमच वाटतं.”

“तुम्हाला कळायची गरज नाही. त्या गृहस्थाला कळायला हवं होतं.” पांढरा खडू संपल्यामुळे त्या दिवशी पिशवीत पिवळा खडू होता, त्याने पांढऱ्या वर्तुळावर पिवळी फुली मारली आणि वीतभर खाली, जेथे त्या माणसाला काहीच सापडले नव्हते तेथे, स्वतःचे पिवळे वर्तुळ काढले. “हे बघा. इथं पोकळ आहे, इथं त्याने खूण केली नाही. घाईत केलंय सगळं. वर्तुळ काढताना हातसुद्धा पुरता फिरलेला नाही. आणि ही खालची शेपटी पाहिलीत? आत सळई कोणत्या दिशेने जाते ते दाखवायला मी असा बाण काढतो. या धंद्यात दुसरं कुणी काढत नाही. म्हणजे या माणसाने माझं काम कुठंतरी पाहिलंय आणि नक्कल केलीय. तीही धड नाही.”

तो एका कॉलमवरून दुसऱ्यावर जात राहिला. वाजवत होता, खोडत होता, काढत होता. कबुतरांची विष्ठा, खाडीवरून येणारा उग्र, गोडसर वास, मुठीत तापलेला हातोडीचा दांडा, बोटांच्या पेरांत साचणारी खडूची भुकटी, हे सगळे त्याला फार दिवसांनी आपल्या जागी असल्यासारखे वाटले. मागून निलेशची चप्पल वाजत होती, आणि ती हळूहळू मंद होत गेली.

“सर, मस्करी करताय ना?”

“कसली?”

“सर, तुम्हीच आलेलात. मंगळवारी. हे तुम्हीच काढलंत.” निलेशचा आवाज अदबीचा होता, पण त्यात एखाद्या आजाऱ्याशी बोलताना येतो तसा सावधपणा शिरला होता. “वर माझ्याकडे चहा पण घेतलात. साखर नको म्हणालात. आई विचारत होती, साहेबांना डायबिटीस आहे काय म्हणून.”

देवव्रतने समोरच्या पांढऱ्या वर्तुळाकडे पाहिले. बाणाचे टोक डावीकडे जरा वळलेले होते, जसे त्याच्याकडून नेहमी वळते, कारण उजव्या हाताचा अंगठा कॉलेजात असताना मोडल्यापासून तो हात तसा वळतो. नक्कल करणाऱ्याला मोडलेल्या अंगठ्याची नक्कल करता येत नाही. हा पुरावा त्याने स्वतःच पारखला, स्वतःच मान्य केला, आणि मग त्याच्या तोंडून जे वाक्य बाहेर पडले ते इतके सफाईदार होते की तेही दुसऱ्याच कुणाचे असावे असे त्याला वाटले.

“दुबार तपासणी,” तो म्हणाला. “मी महत्त्वाच्या इमारतीत दोनदा येतो. दुसऱ्या वेळी पहिल्या खुणांना शत्रू मानायचं, तरच चूक सापडते.”

निलेशने श्वास सोडला. “म्हणूनच तुम्हाला बोलावलं सर. दुसरे येतात, दोन फोटो काढतात आणि जातात. तुम्ही तर स्वतःलाच सोडत नाय.”

कोपऱ्यात, त्या वादग्रस्त कॉलमच्या पायथ्याशी, एका प्लास्टिकच्या खुर्चीत निलेशची आई बसली होती. रत्नप्रभाबाई रोज तेथेच बसत, खाडीचा वारा थेट तेथे येतो म्हणून. आणि त्यांच्या डोक्यावर, बरोबर त्या कोपऱ्यात, पहिल्या मजल्यावर त्यांची झोपायची खोली होती. त्यांनी सगळा प्रकार पाहिला होता. देवव्रत हातोडी पिशवीत ठेवत असताना त्या म्हणाल्या, “झिला, काय ता एकदाचा सांगून टाक. ऱ्हवाचा तर ऱ्हवतव, जावचा तर जातव. ह्या मधल्यामधी टांगून ऱ्हवणा माका जमणा नाय.”

“रविवारी सांगतो,” देवव्रत म्हणाला. रविवारी सोसायटीची सभा होती, आणि तीत त्याला एकच गोष्ट सांगायची होती: सविस्तर अहवाल होईपर्यंत लोकांनी या इमारतीत राहावे, की खाडीकडची बाजू ताबडतोब रिकामी करावी. पांढरी वर्तुळे खरी असतील तर रिकामी करावी. पिवळी खरी असतील तर राहून दुरुस्ती करता येईल.

मुलुंडला परतताना, पवईच्या उतारावर गाड्या थांबल्या असता, त्याने मंगळवार शोधायचा प्रयत्न केला. सोमवारची घाटकोपरची पाण्याची टाकी त्याला आठवत होती, तिच्या शिडीची तुटलेली पायरीसुद्धा. बुधवारी कांदिवलीत एका गृहस्थाने भिंतीतल्या ओलीला वरच्या मजल्यावरील सुनेला जबाबदार धरले होते, तेही आठवत होते. पण या दोहोंच्या मध्ये काही नव्हते, आणि विशेष म्हणजे तेथे काही नसल्याची जागाही नव्हती. बसच्या बाकावरून एकजण उठला की उरलेले दोघे नकळत सरकून बसतात, तसे सोमवार आणि बुधवार एकमेकांना लागून बसले होते. विसरलेल्या गोष्टीची निदान एक पोकळी राहते, तिच्यावर जीभ फिरवता येते, पडलेल्या दाताच्या जागेवर फिरवावी तशी. येथे फिरवायला काही नव्हते. मग मंगळवारी ती हातोडी कुणी वाजवली? ऐकले कुणी? हात त्याचा होता, बाण त्याचा होता, बिनसाखरेचा चहाही त्याचाच. फक्त तो नव्हता. आणि आज जो होता, जो तावातावाने फुल्या मारत फिरला, तो तरी ऐकत होता का? त्याने प्रामाणिकपणे त्या पहिल्या ठोक्याकडे परत जाऊन पाहिले. आवाज स्वच्छ आला, असे त्याला वाटले होते. पण ठोका पडण्याआधीच त्याला तो स्वच्छ यायला हवा होता. म्हणजे पांढरी वर्तुळे एका गैरहजर माणसाने काढली होती आणि पिवळी एका वाद जिंकू पाहणाऱ्या माणसाने. आणि या दोघांपैकी कुणाच्या कानावर विश्वास ठेवावा, असा प्रश्न होता. सहज बुद्धीने पाहता हजर असलेल्याच्या. परंतु गैरहजर माणसाला निदान कोणतीही बाजू नसते. त्याला कुणाला खोटे पाडायचे नसते, काही सिद्ध करायचे नसते. त्याचा हात वाजवतो, त्याचा कान ऐकतो, आणि मध्ये लुडबुड करायला तो स्वतः नसतो. कदाचित तोच खरा कान असेल. मागच्या गाडीचा हॉर्न कर्कश वाजला तेव्हा त्याच्या लक्षात आले की पुढचा रस्ता केव्हाचा मोकळा झाला आहे, आणि तो कर्कश आवाज आपण ऐकला की नुसता कळला, हेही आपल्याला सांगता येणार नाही.

अंधेरीच्या त्या जुन्या कचेरीत असे कधी होणे शक्य नव्हते. तेथे ते दोघे होते, तो आणि यज्ञेश, आणि वर त्यांचे साहेब. साहेबांनी घालून दिलेली रीत साधी होती: दोघांनी वेगवेगळ्या वेळी जायचे, दुसऱ्याच्या खुणा पाहायच्या नाहीत, आपले काम झाले की ओल्या फडक्याने कॉलम पुसून यायचे, आणि दुपारी कचेरीच्या खालच्या टपरीवर चहा घेताना आपापले नकाशे समोरासमोर ठेवायचे. जेथे जुळले तेथे प्रश्न नाही. जेथे जुळले नाही तेथे दोघांनी मिळून पुन्हा जायचे, एकाने वाजवायचे आणि दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचे. देवव्रतला ही रीत त्या काळी संथ आणि अपमानास्पद वाटे. आपल्याला जे कळते त्याला दुसऱ्याच्या दुजोऱ्याची गरज का पडावी? शिवाय यज्ञेश अहवाल लिहिताना प्रत्येक विधानाला एक ‘बहुधा’ जोडत असे, आणि देवव्रतला त्या शब्दाची किळस होती. वाक्य हे उभे राहिले पाहिजे. त्याला टेकू लावायचे नाहीत. ज्याला संशय असेल त्याने लिहू नये, पुन्हा ऐकावे, असे तो म्हणे. साहेब गेल्यावर एका ‘बहुधा’वरूनच दोघांचे फाटले. “तुला सोबत नको, प्रतिध्वनी हवाय,” यज्ञेश म्हणाला होता, आणि देवव्रतने त्याच संध्याकाळी आपला टेबललँप उचलून घरी आणला होता. त्याला नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कितीतरी सोसायट्यांनी त्याच्या निःसंदिग्ध गद्याची तारीफ केली. सबनीसांचा अहवाल वाचला की झोप लागते, असे एका अध्यक्षांनी सभेत म्हटले होते, आणि ती थट्टा नव्हती. आता पवईच्या तलावाकडेने जाताना त्याला ते झोपलेले लोक दिसले: मजल्यावर मजले, एकावर एक आडवे, आणि सगळ्यांच्या खाली त्याचे एकेक वाक्य, टेकूवाचून उभे. त्यांतली मंगळवारची वाक्ये किती?

घरी आला तेव्हा त्याची बायको शर्मिष्ठा ऑफिसातून येऊन मटार सोलत बसली होती. ती विमा कंपनीत होती. तिच्या जगात किरकोळ रजा असे, हक्काची रजा असे, आजारपणाची वेगळी असे, आणि वर्षअखेरीस ती त्यांचा फडशा पाडत असे.

“मी मंगळवारी कुठं होतो?” त्याने विचारले.

“हे मला विचारतोयस?”

“हो.”

तिने मान वर केली. “बोरिवलीला. आलास तो बूट न काढता गॅलरीत जाऊन बसलास. मी विचारलं कसं झालं, तर म्हणालास, सगळंच बद्द वाजतंय.”

“असं म्हणालो?”

“मला वाटलं, इमारतीबद्दल बोलतोयस.”

तो तिच्या समोर बसला. सोललेल्या दाण्यांत एक कोवळे टरफल पडले होते; ते काढावे असे त्याला वाटले, आणि हात उचलला गेला नाही. त्याने तिला सकाळची हकीकत सांगितली, फुल्यांसकट, नकलेच्या आरोपासकट. ती हसेल अशी त्याला भीती होती, आणि कदाचित आशाही. ती हसली नाही.

“दिवाळीत माझ्या भावाकडे गेलो होतो,” ती म्हणाली, “तेव्हा तू ओवाळून घेताना भिंतीवर बोट वाजवत होतास. अस्मितावहिनी मला म्हणाली, भाऊजींना आमचं घर पाडायचंय काय. त्यावेळी मी हसले होते. देवव्रत, रजा घे.”

“कुणाकडे मागू?”

“स्वतःकडे.”

“तो देत नाही.”

“मग कसला रे तुझा हा साहेब? माझ्या झोनल मॅनेजरपेक्षा वाईट.” तिने टरफल काढून टाकले. “त्याने नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाला सांग. मला सांग. मी देते.”

तिला दिलासा द्यायचा होता हे त्याला समजले, पण समजणे आणि दिलासा वाटणे यांच्यामधला जो सांधा असतो तो कोठेतरी सुटलेला होता. तो विचार करत राहिला की ज्याच्याकडून रजा घ्यायची आणि ज्याला ती हवी, हे दोघे एकाच कातडीत राहत असतील, तर थकलेला कोणता? नोकरीत असताना थकवा हा साहेबांचा दोष असे. त्याला तोंड होते, आडनाव होते, त्याच्यामागे चहा पिताना त्याची निंदा करता येई. येथे निंदा करायला गेले की निंदा करणाराच खाली मान घालून उभा राही. आणि हा थकवा तरी थकव्यासारखा कोठे होता? त्याचे पाय दुखत नव्हते, त्याला भूक लागत होती, तो रोज सकाळी वेळेवर उठत होता. फक्त जगातल्या सगळ्या वस्तू वाजवल्या असता एकच आवाज देत होत्या. शर्मिष्ठेचा आवाज, कुकरची शिट्टी, शेजाऱ्यांच्या भिंतीतले ड्रिलिंग, कुणाच्या मरणाची बातमी, कुणाचा नवा जावई. सगळ्यांवर हातोडी पडत होती आणि आतून टणक की पोकळ, काही उमगत नव्हते.

शनिवारी तो कानांच्या डॉक्टरांकडे गेला, कारण कान हा निदान तपासता येण्यासारखा अवयव होता. एका गाद्या लावलेल्या लहान खोलीत त्याला बसवले, डोक्यावर यंत्र चढवले आणि हातात एक बटण दिले. शिट्टी ऐकू आली की दाबायचे. शिट्टी आली, त्याने दाबले. मग बारीक आली, आणखी बारीक आली; मग काही वेळ काहीच आले नाही, आणि त्या शांततेत त्याचा अंगठा आपणहून खाली गेला. तेथपासून मात्र त्याला कळेना, की तो ऐकून दाबत आहे, की आता पाळी आली आहे असे वाटून दाबत आहे. बाहेर डॉक्टर कागद पाहून खूश झाले. “उत्तम कान आहेत. तिशीतल्या माणसाचे. काय त्रास होतोय तुम्हाला?” त्रास असा आहे की कान उत्तम आहेत, असे त्याला म्हणायचे होते; पण वाक्य नीट बांधले जाईना, आणि न बांधलेले वाक्य तोंडाबाहेर काढायची त्याला सवय नव्हती. तो आभार मानून जिना उतरला. कान शाबूत होते. मग ऐकणारा कोठे गेला? की तो पहिल्यापासूनच नव्हता, आणि इतकी वर्षे डोळेच आधी ठरवत होते, ओल पाहून, तडा पाहून, सेक्रेटरीचा चेहरा पाहून, आणि कान मागाहून होकार देत होता? हा विचार इतका मोठा होता की तो पुरा करायची त्याची छाती झाली नाही. त्याने तो अर्ध्यावर सोडला आणि एका दुकानातून, कशासाठी ते न कळता, पांढऱ्या खडूंचा डबा विकत घेतला.

रविवारी पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून फाटकाच्या बाजूला खुर्च्या मांडल्या होत्या. देवव्रतच्या पिशवीत दोन मसुदे होते. एक रिकामी करा असे सांगणारा, दुसरा राहा असे सांगणारा; दोन्ही त्याने शनिवारी रात्री जेवणाआधी लिहिले होते, दोन्ही सुबक होते, आणि दोहोंत कोठेही टेकू नव्हता. जे त्याला खरोखर भयंकर वाटले ते हेच. दोन्ही वाचून सारखीच झोप लागली असती. निलेशने उभे राहून प्रस्तावना केली. “सबनीस सरांनी आपल्यासाठी दोन वेळा तपासणी केलेली आहे. दोन वेळा. मी स्वतः साक्षीला होतो. तर आता सर जे सांगतील ते फायनल.” लोकांनी माना वळवल्या. कोपऱ्यातल्या कॉलमवर पांढरी आणि पिवळी वर्तुळे एकमेकांत अडकलेली दिसत होती, आणि त्यांच्या खाली, सभेच्या खुर्च्यांत न येता, रत्नप्रभाबाई आपल्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या.

तो उठला. पहिल्या मसुद्याचे पहिले वाक्य त्याला पाठ होते, दुसऱ्याचेही होते. आणि दोन्ही एकदम ओठांवर आल्यामुळे म्हणा, किंवा त्या बाईंच्या डोक्यावरचा स्लॅब त्याला त्या क्षणी स्लॅब म्हणून दिसल्यामुळे म्हणा, तो तिसरेच बोलला.

“दुबार तपासणी खोटी आहे,” तो म्हणाला. “मी मंगळवारी येऊन गेलो आणि ते विसरलो. शुक्रवारी पुन्हा आलो, ती पांढरी वर्तुळं दुसऱ्या कुणाची आहेत असं समजून मी खोडली. आता पांढरी खरी की पिवळी, ते मला सांगता येत नाही. पांढरी खरी असतील तर तो कोपरा धोक्याचा आहे.”

मग मागून एक पुरुषी आवाज आला, “म्हणजे काय, तुम्हाला येत नाही?”

“येत होतं. आत्ता येत नाहीये.”

“वा. आणि हे आम्हाला तुम्ही आत्ता सांगताय.”

“अहो, ते सांगतायत तरी,” एक बाई म्हणाली. “न सांगता सही केली असती तर कळलं असतं का तुम्हाला?”

“मग झोपायचं कुठं आम्ही? यांचं डोकं ठिकाणावर येईपर्यंत फुटपाथवर?”

कुणीतरी हसले. निलेशचा चेहरा पाहवत नव्हता; आपण साक्षीला होतो हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले होते. देवव्रतला वाटले होते की हे बोलून झाल्यावर आत काहीतरी हलके होईल. तसे काही झाले नाही. झाले ते एवढेच, की पुढची गोष्ट काय करायची ती त्याला दिसली, आणि ती करायला कान लागत नव्हता.

“आजपासून त्या कोपऱ्यात कुणी बसायचं नाही,” तो म्हणाला. “वरच्या चारही मजल्यांवरच्या तिकडच्या खोल्या रिकाम्या ठेवा. आतल्या खोलीत झोपा, नातेवाइकांकडे जा. दुसरा माणूस येऊन वाजवेपर्यंत. पांढरी खरी आहेत असं धरूनच चाला.”

“कोण दुसरा माणूस?” निलेशने विचारले. तो बसल्या जागेवरूनच बोलला, आणि ‘सर’ म्हणाला नाही.

देवव्रतने सर्वांच्या देखत फोन काढला. नऊ वर्षांत त्याने तो क्रमांक एकदाही लावला नव्हता, खोडलाही नव्हता. तिकडून उचलल्यावर थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला.

“कोण गेलं?” यज्ञेशने विचारले.

“कुणी नाही.”

“नऊ वर्षांनी तुझा फोन. मला वाटलं, नक्की कुणीतरी गेलं.”

“यज्ञेश, मला ऐकू येत नाही. म्हणजे, कान ठीक आहेत. बोरिवलीला एक इमारत आहे. वर माणसं राहतात. मी दोनदा वाजवलं, दोन्ही वेळा वेगळं निघालं.”

एखादा टोमणा येईल म्हणून देवव्रत वाट पाहत होता. त्याला तो हवाही होता, उत्तर देता आले असते. “उद्या सकाळी येतो,” यज्ञेश म्हणाला. “तू येऊ नकोस. आणि खुणा पुसून ठेव. तुझं काही मला दिसता कामा नये.”

सभा मोडली म्हणण्यापेक्षा विस्कटली. लोक गटागटाने भांडत वर गेले. वरून पलंग सरकवल्याचे आवाज येऊ लागले. निलेशने आईला खुर्चीतून उठवून फाटकापाशी नेले, तिची पिशवी भरून आणायला तो वर गेला. देवव्रतने वॉचमनकडून बादली आणि फडके मागून घेतले आणि पुसायला सुरुवात केली. पाणी लागताच खडू आधी गडद झाला, मग दुधासारखा ओघळला, मग नाहीसा झाला. पिवळी फुली जाताना पांढरे वर्तुळ तिच्याखालून क्षणभर वर येई, आणि मग दोन्ही जात. पुसताना त्याला वाटले, या दोघांपैकी एकजण बरोबर होता, आणि मी त्यालाही पुसतो आहे. कोणता ते मला कधीच कळणार नाही, कारण उद्या यज्ञेश जे ऐकेल ते यज्ञेशचे असेल. हे दुःख आहे की सुटका, याचा त्याने थोडा वेळ कसोशीने विचार केला आणि निकाल लागला नाही. उद्या सकाळी तो कोठे असेल, हेही त्याला ठाऊक नव्हते. सोमवारी कांदिवलीचे काम होते. ते काम करणाऱ्या माणसाला तो आज भेटलेला नव्हता.

शेवटचा कॉलम पुसून झाला तेव्हा बाहीच्या कडेपासून कोपरापर्यंत हात ओला झाला होता. आता सगळे कॉलम सारखे होते, ओले आणि मुके. त्याने फडके बादलीच्या काठावर टाकले. मागे खुर्ची होती, तिच्यात तो बसला. बसण्याचा निर्णय त्याने घेतला असे म्हणता येणार नाही. खाडीवरून वारा आला. खरेच तो थेट तेथेच येत होता, मानेवर, घाम आलेल्या कानांमागे. त्याने डोळे मिटले.

“अरे ए झिला.”

त्याने डोळे उघडले. फाटकापाशी रत्नप्रभाबाई उभ्या होत्या, एका हातात काठी, पायाशी भरलेली पिशवी. लेकीकडे कांदिवलीला न्यायला रिक्षा यायची होती.

“थय कित्याक बसलंस? ऊठ आधी. तूच सांगितलंस ना आत्ता, त्या कोपऱ्यात कोणी बसायचा नाय म्हणून? मग तू कोण वेगळो लागून गेलंस?”

देवव्रतने वर पाहिले. स्लॅब होता, त्यावर काहीही लिहिलेले नव्हते. काहीतरी उत्तर द्यायला हवे, असे त्याला वाटले. अनेक उत्तरे होती, आणि त्यांतली काही चांगली होती.

तो उठला.